घासावं की घासू नये?

मंडळी, आज मेसमध्ये जेवण झालं की एक प्रयोग करा. ताट धुवायला टाकण्याआधी मोबाईलच्या टॉर्चखाली जरा तिरकं धरा. टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांची गोल गोल वलयं दिसतील, जणू कोणी कंपासने काढलीत. खरं तर त्या रेषा गोल नसतातच, वाट्टेल त्या दिशेने गेलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. ही सगळी मेसच्या मावशींच्या तारेच्या घासणीची कमाई! ताट नवं होतं तेव्हा त्यात बघून भांग पाडता येत होता.

आता कल्पना करा की हेच ताट काही लाख रुपयांचं आहे आणि तुमच्या मनगटावर बांधलेलं आहे.

स्विस बनावटीच्या महागड्या स्टीलच्या घड्याळांचं नेमकं हेच होतं. शोरूममधून निघताना आरसा, आणि महिन्याभरात मेसचं ताट. मग मालकाची झोप उडते. कोणी म्हणतं टूथपेस्ट लाव, कोणी म्हणतं ब्रासो, कोणी म्हणतं सरळ बफिंग करून घे. या विषयावर माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं पान उलटायला हरकत नाही : बारीक ओरखडे असतील तर हात लावू नका. घड्याळ घाला, पुसा, आणि गप्प बसा.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. मी स्वतः माती खाल्लेली आहे, त्यातून आलंय.

माझा मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. 1998 साली प्रमोशन झालं तेव्हा त्याने सिंगापूरला एक ओमेगा सीमास्टर घेतलं. पुढची वीसेक वर्षं ते त्याच्या हातावर होतं, जहाजावरही आणि घरीही. मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी त्याने ते मनगटावरून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "कपाटात ठेवू नकोस हं. घाल."

मी घातलं. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रूमपार्टनरने निकाल दिला, "काय राव, एवढं भारी घड्याळ आणि किती घासलंय! सेकंडहँड वाटतंय." ते सेकंडहँडच होतं, पण बोलणं मनाला लागलं. सेकंड इयरला गॅदरिंगच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्यात किडा वळवळला. वर्कशॉपमध्ये बफिंग मशीन आहे, हिरव्या वडीचं पॉलिशिंग कंपाऊंड आहे, आणि आपण तर यंत्रवाले! चेन काढली, घड्याळाची बॉडी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि कापडी चाकाला टेकवली. दहा मिनिटांत झगमगाट! मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मी तर स्वतःला स्वित्झर्लंडचा जावई समजायला लागलो.

मग वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर सर आले. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "एज कुठे गेली?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. चेन जिथे अडकते त्या चार कानांवर चकचकीत भाग आणि ब्रश मारलेला मंद भाग एका तीक्ष्ण रेषेवर भेटत होते. ती रेषाच नाहीशी झाली होती. चारही कान चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखे गोलमटोल झाले होते. ब्रश मारलेल्या बाजूही निम्म्या चकचकीत, निम्म्या मळकट. घड्याळ चमकत होतं खरं, पण त्याचा चेहरा गेला होता.

सर रागावले नाहीत. "मेटॅलोग्राफीचं प्रॅक्टिकल केलंस ना? मग कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले. खरंच कळायला हवं होतं.

आठवा ते प्रॅक्टिकल. बेकेलाइटमध्ये बसवलेला स्टीलचा तुकडा, मग एमरी पेपर 1/0, 2/0, 3/0, 4/0. प्रत्येक पेपरला नमुना 90 अंशांत फिरवायचा, आधीच्या पेपरच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत घासायचं. शेवटी मखमलीच्या फिरत्या डिस्कवर ॲल्युमिना टाकून आरसा आणायचा. यात आपण रेषा 'पुसत' नाही. आधीच्या रेषेच्या तळापर्यंतचा सगळा धातू काढून टाकतो आणि त्याहून बारीक रेषा उमटवतो. शेवटच्या रेषा इतक्या बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत. आरसा म्हणजे तेवढंच!

घड्याळाचं पॉलिश म्हणजे हेच. समजा ओरखडा 10 मायक्रॉन खोल आहे. तो खड्डा कोणी भरून देत नाही. आजूबाजूचं सगळं मैदान 10 मायक्रॉन खाली आणलं जातं, तेव्हा खड्डा दिसेनासा होतो. एकदा केलं तर काही बिघडत नाही असं वाटतं. पण पुढच्या महिन्यात नवा ओरखडा पडतो, पुन्हा मैदान खाली. त्यात कापडी चाक मऊ असल्यामुळे ते कडेवरून वळतं. दाब कडेवरच जास्त येतो आणि सपाट भागाआधी कडच झिजते. म्हणून कारखान्यात अशा बॉडीच्या सपाट बाजू कडक, सपाट फिरत्या तबकडीवर घासतात. जपानच्या ग्रँड सेको घड्याळांवरचं 'झारात्सू' पॉलिश याच जातीचं. हे नाव 'सालाझ' या यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या जपानी उच्चारावरून पडलं. ते काम करणारा कारागीर वर्षानुवर्षं हात बसवतो. मी दहा मिनिटं बसवला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढे पैसे मोजून घेतलेल्या स्टीलवर ओरखडे पडतातच का? पुष्कळांचा समज असा की भारी घड्याळाचं स्टील 'कडक' असतं. साफ चूक. बहुतेक चांगल्या घड्याळांत 316एल हे स्टेनलेस स्टील असतं. क्रोमियम साधारण 16 ते 18 टक्के, निकेल 10 ते 14, मॉलिब्डेनम 2 ते 3, आणि कार्बन जास्तीत जास्त 0.03 टक्के. ऑस्टेनिटिक जात, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही. याची व्हिकर्स कठिणता साधारण 150 ते 200. (136 अंशांचा हिऱ्याचा पिरॅमिड आठवला का? व्हायवाला हमखास विचारतात!) रोलेक्सने 1985 पासून 904एल वापरायला सुरुवात केली. त्यात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम जास्त आणि थोडं तांबंही. पण तो फायदा गंजाविरुद्ध, खाऱ्या पाण्याविरुद्ध आहे, ओरखड्याविरुद्ध नाही.

आणि समोर शत्रू कोण? धूळ. धुळीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्याची कठिणता व्हिकर्समध्ये हजाराच्या वर. म्हणजे टेबलावर, शर्टाच्या बाहीत, बॅगेच्या कप्प्यात स्टीलपेक्षा पाचपट कठीण सुऱ्या पसरलेल्या आहेत आणि आपण त्यावरून घड्याळ फिरवतो. गंमत अशी की काच मात्र साबूत राहते. ती सफायरची असते, कठिणता 2000 च्या आसपास. काचेला ओरखडा नाही आणि पोलादाला आहे, अशी उलटी दुनिया! तेव्हा बारीक ओरखडा हा तुमच्या निष्काळजीपणाचा पुरावा नाही. घड्याळ वापरात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

टूथपेस्टच्या उपायाचंही मूळ यातच आहे. आपल्या वडिलांच्या पिढीकडे एचएमटीची चावीची घड्याळं असायची, त्यांची 'काच' बहुधा ॲक्रिलिकची, म्हणजे मऊ प्लास्टिकची. त्यावर पेस्ट चोळली की रेषा खरंच जायच्या. पेस्टमधली बारीक पूड प्लास्टिक कापते, म्हणून. तो उपाय अर्धवट ऐकून आपण स्टीलवर लावतो. आरशासारख्या पॉलिशवर ती पूड रेषा घालवण्याऐवजी नवं धुकं आणते. औषध बरोबर, पेशंट चुकीचा!

ओरखड्यांची ही धास्ती काही आजची नाही. 1930 च्या सुमारास आपल्याकडे असलेले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळायचे आणि खेळात त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. ती तक्रार सेझार द त्रे नावाच्या व्यापाऱ्याच्या कानावर गेली. त्यातून 1931 मध्ये जागर-लकूल्त्रचं 'रिव्हर्सो' जन्माला आलं. खेळताना घड्याळ चौकटीतच उलटं करायचं, काच आत आणि स्टीलची पाठ बाहेर. मला यातली एक गोष्ट फार आवडते. मार काचेने खाऊ नये म्हणून तो स्टीलने खायचा, अशी ती योजना होती. पाठीवर ओरखडे पडणारच, हे गृहीत धरलेलं होतं.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. माझा एक मित्र म्हणतो, "मग गाडीलाही पॉलिश करायचं नाही का?" मुद्दा चांगला आहे, पण गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात, पॉलिश त्या थराला होतं, आणि थर संपला तर पुन्हा रंग मारता येतो. घड्याळावर थरबीर नाही. जो धातू झिजतो तोच घड्याळाचा आकार आहे. ओरखड्याने गंज लागेल ही भीतीही खोटी. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा असतो, आणि खरवडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने स्वतःच पुन्हा तयार होतो.

दुसरं म्हणणं असं की तंत्रज्ञान पुढे गेलंय, कडक स्टील घ्या. खरंय. जर्मनीची झिन कंपनी स्टीलचा पृष्ठभागच कडक करते, सुमारे 1200 व्हिकर्सपर्यंत. सिटिझनचीही तशी प्रक्रिया आहे. बारीक ओरखडे तिथे खरोखर कमी पडतात. पण आतलं स्टील मऊच असतं. जोरात आपटलं तर वरची कडक साल आतल्या खड्ड्यासकट दबते, आणि ती जागा साध्या पॉलिशने दुरुस्त होणं आणखी अवघड.

तिसरं म्हणणं मात्र मला निम्मं मान्य आहे. ज्याने पोटाला चिमटा काढून घड्याळ घेतलं त्याला ते नव्यासारखं हवं असेल, तर आपण कोण शहाणपणा शिकवणारे? आणि काही घड्याळांचं सगळं सौंदर्यच आरशात असतं. बरोबर. त्यांनी जरूर करावं, पण जाणकाराकडून, यंत्र बॉडीतून बाहेर काढून, सपाट तबकडीवर, आणि आयुष्यात एक-दोनदाच. काही ठिकाणी तर लेसर वेल्डिंगने झिजलेल्या जागी धातू भरून मग कडा पुन्हा काढतात. महाग काम आहे, पण निदान ते मैदान खाली नेत नाही, खड्डा खरोखर भरतं.

पैशांचाच विचार करायचा तर जुन्या घड्याळांच्या बाजारात पॉलिश न केलेल्या बॉडीला सहसा जास्त मान असतो. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेलं. सोन्याचं नव्हे, स्टीलचं! आणि ते कपाटात जपलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं हातावर वापरलेलं होतं. अर्थात तुमचं-माझं घड्याळ तिथे जाणार नाही. पण किमतीसाठी म्हणून घासत असाल तर हिशेब उलटा आहे, एवढं लक्षात असू द्या.

मग करायचं काय? थोडक्यात सांगतो.

आधी धुवा. चावी घट्ट बसलेली असेल आणि घड्याळ पाण्यात चालणारं असेल तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. निम्मे 'ओरखडे' म्हणजे मळाच्या रेषा असतात, त्या इथेच जातात. पुसायला शर्टाचं टोक वापरू नका, त्यात धूळ अडकलेली असते. चष्म्याचं स्वच्छ कापड चालेल. लॅपटॉपवर असाइनमेंट टाइप करताना घड्याळ काढून ठेवा, कारण सगळ्यात जास्त मार चेनच्या लॉकला बसतो. दोन घड्याळं एका खणात एकमेकांवर टाकू नका, स्टीलला स्टील ओरखडतं. ब्रश मारलेल्या भागावर पॉलिशचं कापड कधीही फिरवू नका, तिथे चकचकीत डाग पडतो. आणि सर्व्हिसिंगला दिलं तर पावतीवर लिहून घ्या : बॉडी पॉलिश करू नये. कित्येकदा न विचारता पॉलिश होतं, आणि परत मिळाल्यावर आपणच खूश होतो. मी झालो होतो तसे!

हे सगळं यंत्राचं झालं. पण हे लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी.

आमच्या घरी देवघरात कुलदैवताचे चांदीचे टाक आहेत. किती पिढ्यांनी ते चिंच आणि राखेने घासले कोणास ठाऊक. आज देवाचं नाक नाही, डोळे नाहीत, घोडा आहे की नुसता फुगवटा तेही कळत नाही. आजीच्या लग्नातल्या तांब्यावर तिचं नाव घातलेलं होतं. दर दिवाळीला घासून घासून आता तिरकं धरलं तरच दोन अक्षरं लागतात. लख्ख मात्र आहे! टाक देवाचे आहेत, घासणं ही तिथे सेवा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लख्ख करताना आपण नाव पुसतोय हे तांब्याच्या बाबतीत कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि याच्या बरोबर उलट आपली दुसरी सवय. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक वर्षभर तसंच, चांगले कप पाहुण्यांसाठी कपाटात. म्हणजे एक तर वस्तू वापरायचीच नाही, किंवा वापरली तर वापरल्याची खूण राहू द्यायची नाही. मधला रस्ता आपल्याला माहीतच नसतो.

त्या वर्षी दिवाळीला मामा घरी आला. मी मुद्दाम हात पुढे केला. त्याने घड्याळ बघितलं, मग जवळ घेऊन उजवीकडच्या खालच्या कानावर बोट ठेवलं. "इथे एक खोल ओरखडा होता. गेला वाटतं?"

मी अभिमानाने सांगणार होतो, पण त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून गप्प राहिलो.

मग त्याने सांगितलं. समुद्र खवळलेला होता. इंजिन रूमची लोखंडी शिडी तेलकट झाली होती आणि उतरताना त्याचा पाय सटकला. डाव्या हाताने रेलिंग धरलं, घड्याळ रेलिंगवर खरवडत गेलं, हात मात्र सुटला नाही. खाली काय काय चालू होतं ते त्याने सांगितलं नाही. मामीलाही ही गोष्ट त्या दिवशीच कळली. "त्या ओरखड्याकडे बघितलं की शिडी जपून उतरायचो," मामा म्हणाला. मग माझा चेहरा बघून लगेच, "असू दे रे. छान चमकतंय."

रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याचा ओरखडा माझ्याकडून परत येणार नाही, कुठल्याही मशीनने येणार नाही. आपल्या अभ्यासक्रमात धातू काढण्याच्या प्रक्रिया चिक्कार आहेत, टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, बफिंग. परीक्षेत प्रत्येकाचे फायदे-तोटे लिहितो. पण 'काढलेला धातू परत बसत नाही' हा तोटा मी तरी कधी लिहिला नव्हता.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे घरातल्या कोणाचं घड्याळ आलं असेल, ओमेगा असो नाहीतर एचएमटी, तर घासण्याआधी एक फोन करा. ज्याचं होतं त्याला विचारा की ही रेष कशाची? काहीच नाही म्हणाले तर मग तुमची मर्जी.

माझं घड्याळ आता रोज हातावर असतं. चकाकी उतरलीय. नवे ओरखडेही पडलेत. एक हॉस्टेलच्या लोखंडी कॉटचा, एक लेथच्या टूलपोस्टचा, आणि लॉकवरचे सगळे सबमिशनच्या रात्रीचे. परवा मामाचा फोन आला होता. अभ्यासाचं विचारून झाल्यावर म्हणाला, "घड्याळ कसं आहे?"

म्हटलं, "मामा, परत खराब व्हायला लागलंय."

तो जोरात हसला.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी